जुने व्यावसायिक व्हीएचएफ सेट रिपीटरला लावायचे आहेत: पॉवर, डुप्लेक्सर आणि ऑडिओबद्दल सल्ला हवा

ध्वनिलहरी

नमस्कार मंडळी. क्लबच्या दोन मीटर बँडवरच्या रिपीटरसाठी (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनसाठी) सेवेतून काढलेलं व्यावसायिक सामान हाताशी आलं आहे. मोटोरोला जीएम३०० चे दोन व्हीएचएफ मोबाइल सेट आहेत, दोन्ही ४५ वॅटचे आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ पट्ट्याचे. सोबत सहा नळ्यांचा छोटा नॉच डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) आहे. त्याच्या लेबलवर १५० ते १६० मेगाहर्ट्झ आणि अंतर ४.५ मेगाहर्ट्झ असं छापलंय. १३.८ व्होल्ट, २० अँपिअरचा लिनियर सप्लायही आहे.

इनपुट १४५.१२५ आणि आउटपुट १४५.७२५ ठरलं आहे, परवानगीचं काम वेगळं चालू आहे. मोजमापासाठी सिग्नल जनरेटर, नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि अँटेना मोजणारं यंत्र), एसडीआर डोंगल (संगणकावर स्पेक्ट्रम दाखवणारा रिसीव्हर), पॉवर मीटर आणि १०० वॅटचा डमी लोड आहे. सेटचं डॉसवरचं सॉफ्टवेअर आणि प्रोग्रॅमिंगची केबलही आहे.

विचारायचं ते असं. सेट १४६ च्या खाली येतील का, की व्हीसीओला (सेटची फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या ऑसिलेटरला) हात लावावा लागेल? पूर्ण ४५ वॅटवर चालवले तर टिकतील का? डुप्लेक्सर १४५ वर ट्यून करता येईल का? आणि कंट्रोलरला मागच्या १६ पिनी कनेक्टरमधल्या कुठल्या पिना घ्यायच्या?

---

तापमापी

आधी पॉवरचं. ४५ वॅट विसरा.

मोबाइल सेटचा पॉवर अँप्लिफायर एक मिनिट बोलणं आणि चार मिनिटं गप्प राहणं या हिशेबाने बांधलेला असतो. रिपीटरवर एखादी लांबलेली नेट (सभासदांची हवेवरची बैठक) चालली की तो तासभर जवळजवळ सलग चालू राहतो. बेस स्टेशनचा अँप्लिफायर सलग चालण्यासाठीच केलेला असतो, त्याचं हीटसिंक बघितलं तरी फरक कळतो.

पॉवर कमी केली की प्रश्न सुटला असं बहुतेकांना वाटतं, पण उष्णता त्या प्रमाणात उतरत नाही. समजा ४५ वॅटला सेट १०.५ अँपिअर ओढतोय. १३.८ व्होल्टने गुणलं की १४५ वॅट आत गेले, ४५ अँटेनाकडे आणि १०० वॅट हीटसिंकमध्ये. आता २० वॅटवर आणला तर करंट साधारण ६.५ अँपिअर, म्हणजे आत ९० आणि उष्णता ७० वॅट. पॉवर निम्म्याहून खाली आली, पण उष्णता तीसच टक्के घटली. म्हणून २० वॅटवरसुद्धा पंखा हवाच. ऐकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ४५ ते २० हा फरक ३.५ डेसिबेलचा आहे, एस मीटरवर अर्धा टप्पा. त्यासाठी अँप्लिफायर जाळण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. जुने बायपोलर अँप्लिफायर रेटिंगच्या तृतीयांशाच्याही बरेच खाली ओढले की बिथरतात आणि कुठेतरी बाजूला नको त्या फ्रिक्वेन्सीवर आपणच दोलन सुरू करतात. पॉवर मीटर ते दाखवत नाही, त्याला सगळे वॅट सारखेच. एसडीआरला कपलर आणि ॲटेन्युएटरमधून अगदी थोडा सिग्नल देऊन आउटपुटच्या दोन्ही बाजूंना काही मेगाहर्ट्झ बघा. पॉवर सावकाश खाली आणत जा आणि कुठे नको त्या सिग्नलची बोंडं फुटतात ते पाहून त्याच्या वरच थांबा. तुमच्या सेटला १५ ते २० वॅट योग्य.

बसवताना हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवा आणि १२० मिलिमीटरचा पंखा पात्यांच्या लांबीच्या दिशेने हवा मारेल असा लावा. ६५ अंशाला उघडणारा थर्मल स्विच पीटीटीच्या (ट्रान्समीटर चालू करणाऱ्या बटणाच्या) वायरमध्ये सिरीजमध्ये टाका. पंखा अडकला तर निदान ट्रान्समीटर वाचेल.

मग डमी लोडवर सलग ३० मिनिटं पीटीटी दाबून ठेवायची आणि दर ५ मिनिटांनी हीटसिंकचं तापमान व पॉवर लिहून काढायची. २० मिनिटांनंतरही तापमान चढतच असेल तर थंडावा अपुरा आहे. तापमान स्थिर पण पॉवर घसरतेय असं दिसलं तर अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बहुतेक वाळून गेली आहे. ती बदलताना आधी स्क्रू कसायचे आणि मग पाय सोल्डर करायचे. उलट क्रमाने केलं तर सिरॅमिकवर ताण येऊन ते तडकतं.

सावधगिरीची गोष्ट म्हणजे या ट्रान्झिस्टरांच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं. अख्खं असताना निरुपद्रवी, पण त्याची धूळ फुप्फुसासाठी घातक. ते फोडू नका, कानशीने घासू नका, आणि तुटलेलं दिसलं तर फुंकर मारून साफ करू नका.

---

नॉचकर

तुमच्या यादीत खरी अडचण सेट नाहीत, डुप्लेक्सर आहे. सेट फ्रिक्वेन्सीवर आणणं हे सोपं अर्धं काम. ट्रान्समीटर चालू असताना शेजारचा रिसीव्हर ऐकू शकतो का, इथे घोडं पेंड खातं.

हिशेब मांडू. ट्रान्समीटर २५ वॅट धरला, म्हणजे ४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेल). रिसीव्हरची १५ किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि ६ डेसिबेल नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः मिसळतो तो नॉइज) धरली तर त्याची नॉइजची जमीन -१२६ डीबीएमच्या आसपास येते. संवेदनशीलता एका डेसिबेलहून जास्त बिघडू द्यायची नसेल, तर बाहेरून येणारा नॉइज त्याच्याही ६ डेसिबेल खाली हवा, म्हणजे -१३२.

आता सिंथेसायझरवाल्या मोबाइल सेटचा नॉइज ६०० किलोहर्ट्झवर कॅरिअरच्या (मुख्य सिग्नलच्या) १३५ डेसिबेल प्रति हर्ट्झ खाली आहे असं धरा. १५ किलोहर्ट्झसाठी त्यात ४२ मिळवा. ४४ मधून १३५ वजा, अधिक ४२, उत्तर -४९ डीबीएम. तुमच्याच ट्रान्समीटरचा हा खरखराट थेट इनपुट फ्रिक्वेन्सीवर पडतोय. तो -१३२ पर्यंत नेण्यासाठी ट्रान्समीटर आणि रिसीव्हरमध्ये ८३ डेसिबेल आयसोलेशन (अडथळा) लागेल. चांगल्या क्रिस्टलवाल्या जुन्या बेस स्टेशनमध्ये नॉइज १५० डेसिबेल खाली असेल तर तेच काम ६८ मध्ये होतं. क्रिस्टलवाले जुने सेट लोक अजून जपून ठेवतात ते याचसाठी.

ही झाली एक बाजू. दुसरी म्हणजे ट्रान्समीटरचा कॅरिअर रिसीव्हरच्या तोंडावर आदळून त्याला बधिर करतो. रिसीव्हर ६०० किलोहर्ट्झवर -३० डीबीएमपर्यंतचा कॅरिअर सहन करतो असं धरलं तर इथे ७४ डेसिबेल लागतील. हे दोन आकडे वेगवेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ट्रान्समीटरचा नॉइज फक्त ट्रान्समीटरच्या बाजूला, म्हणजे त्याच्या केबलमध्ये, गाळता येतो. एकदा तो इनपुट फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसला की रिसीव्हरसमोर कितीही फिल्टर लावा, तो हव्या असलेल्या सिग्नलसोबतच आत येणार. कॅरिअर मात्र रिसीव्हरच्या बाजूला अडवायचा.

तुमच्या डुप्लेक्सरच्या नळ्या छोट्या, त्यांचा क्यू (फिल्टरची धार) कमी. ४.५ मेगाहर्ट्झ अंतराला तो व्यवस्थित चालतो. ६०० किलोहर्ट्झवर ट्यून करायला गेलात तर नॉच (अडवायची फ्रिक्वेन्सी) आणि पास (जाऊ द्यायची) एकमेकांवर चढतात. नॅनोव्हीएनएवर नॉच खोल करत नेला की पासचा लॉस ४-५ डेसिबेलवर जाताना दिसेल. हे ट्यूनिंगचं कसब नाही, भौतिकशास्त्र आहे. तो डुप्लेक्सर ज्याला मोठं अंतर हवंय त्याला द्या.

६०० किलोहर्ट्झसाठी मोठ्या नळ्यांच्या कॅव्हिटी (ट्यून होणारे नळीसारखे फिल्टर) लागतात: दर बाजूला दोन किंवा तीन, पास आणि रिजेक्ट एकत्र असणाऱ्या. त्याचा लॉस दर बाजूला दीड ते दोन डेसिबेल येतो. १५० च्या पट्ट्यातल्या जुन्या कॅव्हिटी मिळाल्या तर खाली येतात का ते आधी मोजा. १५५ मेगाहर्ट्झला चतुर्थांश तरंगलांबी ४८.४ सेंटिमीटर आणि १४५ ला ५१.७, म्हणजे आतला दांडा ३.३ सेंटिमीटर जास्त बाहेर यायला हवा. बऱ्याच कॅव्हिटींचा स्क्रू तेवढा येतोच. येत नसेल तर दांड्याच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, पण तिचा सांधा नीट सोल्डर केलेला हवा. नुसता घासून बसवलेला सांधा काही महिन्यांत कडकड करायला लागतो.

कॅव्हिटींना जोडणाऱ्या केबलही फ्रिक्वेन्सीप्रमाणे कापलेल्या असतात. आरजी-२१४ चा वेग गुणांक ०.६६, त्यामुळे १५५ ला चतुर्थांश ३१.९ सेंटिमीटर आणि १४५ ला ३४.१. यातून कनेक्टर आणि आतल्या लूपची लांबी वजा होते. जुन्या केबल तशाच ठेवल्या तर डुप्लेक्सर चालतो, पण लॉस थोडा वाढतो आणि नॉचची खोली कमी होते. नव्या करायच्या तर आरजी-२१४ किंवा आरजी-४०० वापरा. एकपदरी जाळीची आरजी-५८ किंवा आरजी-८ इथे चालत नाही, ती गळते. आणि एलएमआर-४०० नकोच. तिच्यात अॅल्युमिनियमच्या फॉइलवर कथिल चढवलेल्या तांब्याची जाळी असते. एकाच केबलमधून पाठवणं आणि ऐकणं चालू असताना तो दोन धातूंचा स्पर्श स्वतःच नॉइज तयार करतो. साध्या स्टेशनला उत्तम केबल आहे, डुप्लेक्समध्ये डोकेदुखी.

---

सातदशांश

मला विचाराल तर ७० सेंटिमीटरवर जा. तिथे इनपुट-आउटपुट अंतर देशागणिक १.६, ५ किंवा ७.६ मेगाहर्ट्झ असतं. ५ किंवा ७.६ असेल तर यूएचएफचा छोटा मोबाइल डुप्लेक्सर ६५ ते ७० डेसिबेल देतो आणि बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत मावतो. ट्रान्समीटरचा नॉइजही ५ मेगाहर्ट्झवर बराच खाली गेलेला असतो. मात्र १.६ वाल्या ठिकाणी पुन्हा मोठ्या कॅव्हिटीच.

---

ध्वनिलहरी

फ्रिक्वेन्सी बदलणं आता हातात नाही, सभासदांकडे दोन मीटरचेच सेट आहेत. मनोऱ्यावर मात्र दोन अँटेना बसू शकतात, एकाखाली एक, मधे १२ मीटर मिळतील. मोठ्या व्यासाच्या तीन सुट्या कॅव्हिटीही मिळण्यासारख्या आहेत, त्यातल्या दोन नॉच आणि एक बँडपास. याने जमेल का?

---

नॉचकर

जमेल, आणि दोन केबलचा जास्तीचा खर्च सोडला तर हा मार्ग वाईट नाही.

एकाखाली एक अँटेनांचं आयसोलेशन साधारण २८ अधिक ४० गुणिले लॉग(अंतर भागिले तरंगलांबी). १४५ ला तरंगलांबी २.०७ मीटर. १२ मीटरला ५८ डेसिबेल येतात, १५ मीटरला ६२. आडव्या अंतराला सूत्र वेगळं आहे: २२ अधिक २० लॉग, वर अँटेनांचा गेन वजा. आडव्यात ५८ साठी शंभर मीटरहून जास्त लागतील. म्हणून उभंच ठेवा, आणि दोन्ही अँटेना बरोबर एका रेषेत हव्यात. एक मनोऱ्याच्या या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला गेली की हिशेबातले काही डेसिबेल तिथेच गळतात.

८३ मधून ५८ गेले, उरले २५. एक नॉच कॅव्हिटी ट्रान्समीटरच्या केबलमध्ये, १४५.१२५ वर नॉच. दुसरी रिसीव्हरच्या केबलमध्ये, १४५.७२५ वर नॉच. चांगली मोठी कॅव्हिटी एका नॉचमध्ये २५ ते ३० देते, म्हणजे दोन्ही बाजू जेमतेम का होईना भागल्या. तिसरी बँडपास कॅव्हिटी रिसीव्हरसमोर टाकण्याचा मोह होईल. ती तिथे बाहेरच्या जोरदार स्टेशनांना अडवेल, पण तुमची तंगी नॉइजच्या बाजूला आहे. म्हणून ती ट्रान्समीटरच्या बाजूला १४५.७२५ वर पास म्हणून लावा. एक डेसिबेल लॉस धरला तर ६०० किलोहर्ट्झवर ती आणखी १५-१६ देते.

वरची अँटेना रिसीव्हरला द्या. खालच्या ट्रान्समीटरला २० वॅट आहेत, समोरच्या हँडसेटला फार तर पाच.

फीडर (अँटेनांच्या केबल) मनोऱ्यावरून शेजारी-शेजारी बांधून आणू नका. वर ५८ डेसिबेल मिळवून खाली केबलमधूनच गळती झाली तर सगळं व्यर्थ. अर्धा इंची हार्डलाइन दोन्हीला, कनेक्टर एन प्रकारचे.

ट्रान्समीटर आणि पहिल्या कॅव्हिटीमध्ये सर्क्युलेटर (परत येणारी पॉवर अँप्लिफायरपासून वळवणारा भाग) मिळाला तर जरूर टाका. कॅव्हिटी आपल्या फ्रिक्वेन्सीवर ५० ओम दाखवते, बाहेर जवळपास शॉर्ट किंवा ओपन. अँप्लिफायरला ते सोसत नाही आणि वर तापमापींनी सांगितलेली बोंडं इथे हमखास फुटतात. सर्क्युलेटर स्वतः हार्मोनिक तयार करू शकतो, तेव्हा त्याच्यापुढे लो-पास फिल्टर हवा. सर्क्युलेटर नसेल तर ट्रान्समीटर ते कॅव्हिटी ही केबल चतुर्थांश तरंगलांबीने लांब करून पाहा. एका लांबीला बिथरणारा अँप्लिफायर दुसऱ्या लांबीला शांत बसतो.

---

अर्धातार

पट्ट्याबद्दल. १४६ ते १७४ वाला सेट १४५.७२५ वर पाठवायला बहुधा काही न बदलता येतो, कारण व्हीसीओला दोन्ही टोकांना थोडी जागा राखलेली असते. १४५.१२५ वर ऐकण्याची खात्री तेवढी नाही. रिसीव्हचा व्हीसीओ आयएफइतका (रिसीव्हरच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीइतका) बाजूला चालतो, त्यामुळे पाठवताना लॉक झाला म्हणजे ऐकतानाही होईलच असं नाही. दोन सेटपैकी जो खालच्या टोकाला जास्त बरा ऐकतो तो रिसीव्हर करा.

प्रोग्रॅमिंगच्या आधी दोन्ही सेटचा मूळ कोडप्लग (सेटिंगची फाइल) वाचून दोन जागी साठवून ठेवा. डॉसवरची ही सॉफ्टवेअरं वेगवान संगणकावर मधेच तुटतात. लिहिताना तुटलं तर सेट मुका होतो आणि तेव्हा मूळ प्रतच कामी येते. सॉफ्टवेअर पट्ट्याबाहेरचा आकडा नाकारत असेल तर काही जुन्या आवृत्त्यांत आकडे टाइप करताना शिफ्ट दाबून ठेवली की तो घेतला जातो. मूळ मालकाचे सगळे चॅनेल पुसायचे, स्कॅन बंद करायचा आणि एकच चॅनेल ठेवायचा. वीज जाऊन आली की सेट थेट त्याच चॅनेलवर उठला पाहिजे.

लॉक झालाय की नुसता टेकलाय हे कळायला व्हीसीओचा कंट्रोल व्होल्टेज मोजा. तो खालच्या मर्यादेला चिकटलेला दिसला तर आज चालेल आणि हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे सुटेल. खोलीत मोजलेलं पुरेसं नाही. झाकण लावून सेट थंड करा, पुन्हा मोजा, मग तापवून मोजा. दोन्हीकडे टोकापासून अर्धा-एक व्होल्ट मोकळा राहत नसेल तर व्हीसीओच्या टँकला (ट्यून सर्किटला) समांतर २ ते ३ पिकोफॅरडचा एनपीओ, म्हणजे तापमानाने न सरकणारा, सिरॅमिक कपॅसिटर लावा. व्हीसीओच्या डब्यात साधा सिरॅमिक टाकलात तर तापमानाबरोबर तो सरकतो आणि ठोकल्यावर वाजतो.

व्हीसीओ जमला तरी फ्रंट एंड (रिसीव्हरचे पुढचे फिल्टर) राहतोच. जनरेटरने आधी १५० वर १२ डेसिबेल सिनॅडला (नॉइजच्या तुलनेत आवाज स्पष्ट असण्याच्या ठरलेल्या पातळीला) किती मायक्रोव्होल्ट लागतात ते मोजा, मग १४५.१२५ वर. फरक दोन डेसिबेलच्या आत असेल तर पुढचे फिल्टर ढवळू नका. जास्त असेल तरच ट्यून करा, आणि प्रत्येक स्क्रू किती फिरवला ते लिहीत जा.

क्रिस्टलवाला जुना बेस स्टेशन सेट पुढे-मागे मिळाला तर हिशेब सोपा असतो. ट्रान्समीटरमध्ये १२ पट गुणाकार असेल तर १४५.७२५ भागिले १२ म्हणजे १२.१४३७५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनसाठी (आवाजाने फ्रिक्वेन्सी तेवढी हलण्यासाठी) तिथे फक्त ४१७ हर्ट्झ हलवावं लागतं. पण त्यातले बरेच एक्सायटर फेज मॉड्युलेशनचे असतात. फेज मॉड्युलेशनमध्ये फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितकं डेव्हिएशन मिळवायला जास्त फेज फिरवावा लागतो. ८८.५ हर्ट्झच्या सबऑडिबल टोनला (रिपीटर उघडण्यासाठी आवाजाखाली पाठवतात त्या टोनला) ७०० हर्ट्झ डेव्हिएशन म्हणजे आउटपुटवर जवळपास ८ रेडियन. तेवढ्यात मॉड्युलेटर ओढाताणीला येतो. टोन हवा असेल तर तो थेट ऑसिलेटरवर द्यावा लागतो.

---

किलोसायकल

आता वायरिंग. मागच्या कनेक्टरवर रिसीव्हर सेटमधून तीनच गोष्टी घ्या: पिन ११ रिसीव्ह ऑडिओ, पिन ८ स्क्वेल्च उघडल्याची (सिग्नल आल्याची) खूण, पिन ७ ऑडिओ ग्राउंड. पिन ८ चं काम सॉफ्टवेअरमध्ये नेमून द्यावं लागतं. ट्रान्समीटर सेटमध्ये पिन ३ पीटीटी, पिन ७ ग्राउंड, आणि ऑडिओ पिन २ वर माइकवाटे किंवा पिन ५ वर फ्लॅट. पिन १५ आणि १६ मधला जंपर काढला तर आतला स्पीकर गप्प होतो. ट्यूनिंग होईपर्यंत तो ठेवा, नंतर काढा.

पिन ८ ला ५ व्होल्टवर १० किलोओमचा पुल-अप लावा आणि मीटरने बघा की सिग्नल आल्यावर ती वर जाते की खाली, मग कंट्रोलरला ध्रुवता सांगा. पीटीटी ओढायला एक २एन७००० ट्रान्झिस्टर पुरतो. स्पीकरच्या आवाजावरून व्हॉक्सने (आवाज आला की चालू होणाऱ्या स्विचने) रिपीटर चालवण्याची युक्ती अधूनमधून सुचवली जाते. ती नको, पहिलं अक्षर खाल्लं जातं आणि खरखराटावरही रिपीटर उठतो.

ऑडिओत सगळ्यात जास्त घोळ प्री-एम्फसिसचा (पाठवताना उंच स्वर वाढवण्याचा) होतो. पिन ११ वरचा ऑडिओ आतल्या जंपरप्रमाणे फ्लॅट (आला तसा) किंवा डी-एम्फसाइझ केलेला (वाढवलेले स्वर परत उतरवलेला) मिळतो. नियम एवढाच: फ्लॅट घेतला तर फ्लॅट इनपुटला द्या, डी-एम्फसाइझ घेतला तर माइक इनपुटला. फ्लॅट ऑडिओ माइकला दिला तर दोनदा प्री-एम्फसिस होऊन आवाज पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरा येतो. उलट केलं तर तोंडावर गोधडी घेतल्यासारखा. कुठल्या जोडीत आहात ते कळायला जनरेटरवरून ५००, १००० आणि २००० हर्ट्झचा टोन एकाच डेव्हिएशनने द्या आणि रिपीटरचं डेव्हिएशन मोजा. तिन्हींना जवळपास सारखं आलं पाहिजे. दर दुपटीला ६ डेसिबेल चढत किंवा उतरत असेल तर जोडी चुकली आहे.

नव्या माणसाने माइक इनपुटचा मार्ग घ्यावा असं माझं मत. त्यात सेटचा स्वतःचा लिमिटर आणि फिल्टर आपोआप मध्ये येतात. फ्लॅट इनपुट लिमिटरच्या आधी आहे की नंतर हे तपासायला टोनची पातळी हळूहळू वाढवा. डेव्हिएशन एका जागी थांबलं तर लिमिटर आहे, वाढतच राहिलं तर नाही, आणि मग कंट्रोलरमध्ये लिमिटर हवा. नाहीतर कोणी माइकवर ओरडला की शेजारच्या चॅनेलवर चिखल.

माइक इनपुटला ८० मिलिव्होल्टच्या आसपास पुरतात. मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओमचा अनेक फेऱ्यांचा पॉट टाका.

डेव्हिएशन मीटर नसला तरी एसडीआर आहे, तो पुरे. १२४७ हर्ट्झचा टोन ट्रान्समीटरला द्या, एसडीआरवर कॅरिअरच्या जागी झूम करा आणि पातळी शून्यापासून वाढवत न्या. मधली रेघ पहिल्यांदा नाहीशी होते तिथे डेव्हिएशन बरोबर ३ किलोहर्ट्झ. २०७९ हर्ट्झचा टोन दिला तर त्याच ठिकाणी ५ किलोहर्ट्झ. शून्यापासूनच सुरुवात करायची, कारण पुढे ती रेघ पुन्हा नाहीशी होते आणि तो आकडा वेगळा असतो.

हे ±५ किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी आहे. लिमिटर ४.३ वर, सबऑडिबल टोन ०.६ ते ०.७ वर, एकूण ५ च्या आत. आत ३ किलोहर्ट्झ आलं की बाहेर ३ च जावं. दोन्ही सेट २५ किलोहर्ट्झ चॅनेलवर प्रोग्रॅम झालेत ना ते बघा. एक अरुंद राहिला तर जोरात बोललेल्या शब्दांवर स्क्वेल्च फडफडतो आणि दोष उगाच अँटेनाला लागतो.

सेटचा स्वतःचा टाइम-आउट बहुधा ६० सेकंदांवर असतो. कंट्रोलर तीन मिनिटांचा ठेवा आणि सेटचा त्याहून जरा जास्त. पूर्ण बंद नको, कंट्रोलर अडकला तर तोच शेवटचा अडसर.

---

ध्वनिलहरी

कॅव्हिटी टेबलावर ट्यून झाल्या की डिसेन्स (ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर कमी ऐकणं) आहे की नाही हे नक्की कसं ठरवायचं? कानाने अंदाज येतो, पण आकडा हवा.

---

नॉचकर

जनरेटर रिसीव्हरच्या केबलमध्ये ३० डेसिबेलच्या कपलरमधून घाला, थेट टी लावू नका. ट्रान्समीटरच्या केबलला अँटेनाऐवजी डमी लोड आणि रिसीव्हरच्या अँटेना पोर्टलाही ५० ओम. ट्रान्समीटर बंद ठेवून १२ डेसिबेल सिनॅडला जनरेटरचा आकडा लिहा. ट्रान्समीटर चालू करा, सिनॅड पडेल, तो परत १२ वर येईपर्यंत जनरेटर वाढवा. किती डेसिबेल वाढवावं लागलं तोच डिसेन्स. एक-दोनच्या आत ठीक.

डमी लोडवर डिसेन्स दिसला तर दोष खोलीतच आहे: कॅव्हिटी, जोडकेबल किंवा सेटांच्या डब्यांतून होणारी गळती. मोबाइल सेटांचं पुढचं तोंड प्लॅस्टिकचं असतं, ते एकमेकांवर ठेवले की गळतीच ऐकू येते. दोन्ही वेगळ्या धातूच्या खोक्यांत घाला, आत जाणाऱ्या प्रत्येक डीसी आणि ऑडिओ तारेला १००० पिकोफॅरडचा फीड-थ्रू कपॅसिटर लावा आणि दोघांना वेगळे फ्यूज द्या.

डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेना जोडल्यावर डिसेन्स, तर आधी दोन अँटेनांमधलं आयसोलेशन नॅनोव्हीएनएवर प्रत्यक्ष मोजा. ५८ च्या जवळ आलं तर मनोऱ्याकडे वळा. सैल क्लँप, गंजलेला बोल्ट, पाणी शिरलेला कनेक्टर, दोन वेगळ्या धातूंचा सांधा. वारा सुटला की वाढणारा आणि पावसानंतर काही दिवस गायब होणारा खरखराट हमखास गंजाचा.

नॉइज की बधिरता हे ओळखायला रिसीव्हरसमोर १० डेसिबेलचा ॲटेन्युएटर टाका आणि दोन्ही मोजमापं पुन्हा घ्या. डिसेन्स १० डेसिबेलहून बराच मोठा असताना, ट्रान्समीटर चालू ठेवून आलेला जनरेटरचा आकडा जवळपास तितकाच राहिला तर ट्रान्समीटरचा नॉइज येतोय, बँडपास कॅव्हिटी त्याच्याच केबलमध्ये राहू द्या. तोच आकडा धाडकन कमी झाला तर रिसीव्हर कॅरिअरने दबतोय, मग ती रिसीव्हरच्या बाजूला हलवा आणि १४५.१२५ वर ट्यून करा. हे ठरण्याआधी प्रीअँप लावू नका, १५ डेसिबेल गेन म्हणजे बधिर व्हायला १५ डेसिबेल लवकर.

ट्यूनिंगचे शेवटचे फेरे कॅव्हिटी २० वॅटवर अर्धा तास तापल्यावर मारा आणि लॉकनट कसल्यावर पुन्हा एकदा मोजा. नट कसताना दांडा किंचित फिरतो आणि नॉच सहज २०-३० किलोहर्ट्झ सरकतो.